मंगळवारचा अवे रिप्ले: एफए कपच्या खालच्या राउंडला पाहुणे फॅन म्हणून जायचं तर

शनिवारी संध्याकाळी पाचला दहा कमी असताना रेफ्री शेवटची शिट्टी मारतो, स्कोअर १-१, आणि टेरेसवरचे (उभं राहून मॅच बघायच्या पायऱ्यांवरचे) सगळे एकमेकांकडं बघून एकच शब्द म्हणतात, "ट्यूसडे." कुणी हसत म्हणतं, कुणी कपाळाला हात लावून. म्हणजे मंगळवारी रात्री पावणेआठला परत तीच मॅच, पण ह्यावेळी समोरच्यांच्या गावात. हातात तीन दिवस, त्यातला एक रविवार.

मी मूळचा कोल्हापूरचा, शिवाजी पेठेतला. आमच्याकडं अवे मॅच, म्हणजे दुसऱ्याच्या ग्राउंडवर जाऊन बघायची मॅच, ही भानगडच नव्हती. पाटाकडील असो, शिवाजी तरुण असो, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस, सगळ्यांची मॅच शाहू स्टेडियमवरच, आपण पेठेतून चालत जायचं आणि हरलो तर त्याच रस्त्यानं मान खाली घालून चालत यायचं. इंग्लंडला येऊन नऊ वर्षं झाली, इथं आमच्या गावातल्या छोट्या क्लबच्या नादाला लागलो (नाव मुद्दाम लिहीत नाही, तिथले लोक ओळखीचे आहेत आणि पुढं काही गोष्टी आमच्याच फजितीच्या आहेत) आणि तेव्हा कळलं की अवे जाणं हे एक वेगळंच काम आहे, आणि अवे रिप्लेला जाणं म्हणजे तेच काम निम्म्या वेळात. ज्या मराठी पोरापोरींना इकडं आल्यावर फुटबॉलचा नाद लागलाय पण प्रीमियर लीगचं तिकीट परवडत नाही किंवा मिळतच नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी एक गोष्ट क्लिअर करू, कारण ह्यात भले भले गोंधळतात. एफए कपच्या (इंग्लंडमधल्या छोट्या-मोठ्या क्लबांची नॉकआउट स्पर्धा) मोठ्या राउंडांत आता रिप्ले होत नाही. २०२४-२५ पासून फर्स्ट राउंड प्रॉपर (मुख्य स्पर्धेचा पहिला राउंड) आणि त्याच्या पुढं बरोबरी झाली की त्याच दिवशी निकाल लावतात, एक्स्ट्रा टाइम आणि मग पेनल्टी. रिप्ले उरलाय तो क्वालिफायिंगच्या राउंडांत, म्हणजे ऑगस्ट ते ऑक्टोबर, जिथं प्लंबर, शाळेतले मास्तर, डिलिव्हरीवाले दिवसा नोकरी करून रात्री खेळतात.

पूर्वी तर ह्याला अंतच नव्हता. निकाल लागेपर्यंत खेळत राहायचे. १९७१ मध्ये चौथ्या क्वालिफायिंग राउंडला अल्वचर्च आणि ऑक्सफर्ड सिटी सहा वेळा खेळले, एकूण ११ तास, आणि सहावी मॅच अल्वचर्चनं १-० जिंकली. त्या दोन क्लबांच्या फॅन लोकांनी बॉसला काय काय कारणं सांगितली असतील देव जाणे, सहा वेळा आजी तर कुणाची वारू शकत नाही. १९९१-९२ पासून एकच रिप्ले आणि मग पेनल्टी असं झालं, फायनलचा शेवटचा रिप्ले १९९३ चा, सेमीचा १९९९ चा, आणि असं वरून खाली छाटत छाटत आता आपल्यापाशी येऊन थांबलंय. त्यामुळं तुमचा क्लब छोटा असेल तर सध्या ही चैन फक्त तुमचीच.

दुसरी गोष्ट, रिप्ले ड्रॉमध्ये (कोण कुणाशी खेळणार त्याच्या चिठ्ठ्या काढतात त्यात) ज्याचं नाव दुसरं निघालं त्याच्या ग्राउंडवर होतो. तुमचा रिप्ले अवे आहे म्हणजे पहिली मॅच तुमच्या घरी होती आणि तुम्हाला घरी जिंकता आलं नाही. हे मनात पक्कं ठेवून निघा, अपेक्षा आपोआप जाग्यावर राहतात.

शनिवार: घरी पळू नका

मॅच संपली की बहुतेक जण गाडीकडं पळतात. तुम्ही क्लबहाउसमध्ये जा आणि एक पाइंट किंवा चहा घेऊन बसा. पुढच्या तासाभरात तीन गोष्टी तिथंच ठरतात.

एक, रिप्ले मंगळवारी का बुधवारी. मंगळवारच असतो बहुतेक वेळा, पण समोरच्या क्लबचं ग्राउंड दुसऱ्या कुणाबरोबर शेअरमध्ये असेल किंवा त्या रात्री तिथं दुसरीच मॅच असेल तर बुधवार. दोन, किकऑफ किती वाजता, पावणेआठ का साडेसात. पंधरा मिनिटांनी काय फरक पडतो असं वाटेल, पण शेवटच्या ट्रेनच्या हिशोबात ह्या पंधरा मिनिटांवर सगळं अडतं. तीन, सपोर्टर्स कोच, म्हणजे फॅन लोकांची भाड्यानं केलेली बस, निघणार का नाही.

कोचचं असं असतं की ठराविक लोक जमले तरच तो परवडतो. आमच्याकडं एक बाई आहेत, त्या बारच्या कोपऱ्यात वही घेऊन बसतात, मागच्या पानावर रेघा मारून नावं लिहितात आणि समोर पैसे ठेवल्याशिवाय नाव लिहीत नाहीत. मी पहिल्या वर्षी म्हणालो, "नंतर मेसेज करतो," तर त्यांनी पेन खाली ठेवून माझ्याकडं असं बघितलं की मी मुकाट्यानं एटीएमला गेलो. बरोबरच आहे त्यांचं. शनिवारी बिअरच्या भरात तीस जण हो म्हणतात आणि सोमवारी अठराच उरतात. तुम्हाला जायचं असेल तर तिथंच पैसे द्या, आणि कोच कॅन्सल झाला तर पैसे परत मिळणार का तेही तिथंच विचारून घ्या.

कोच नाहीच निघाला तर त्याच बारमध्ये गाडीत जागा शोधायची. ह्यात लाजू नका. आपली सवय असते की ओळख नाही तर कसं विचारायचं, पण इथं अवेला जाणाऱ्या माणसाला कुणी नाही म्हणत नाही, पेट्रोलचा वाटा द्यायचा आणि वाटेत सर्व्हिसला (हायवेवरच्या थांब्याला) कॉफी पाजायची, संपला विषय.

रविवार: हिशोब उलटा करायचा

हे सगळ्यात महत्त्वाचं आहे त्यामुळं जरा लांबण लावतो. आपण प्रवास ठरवताना जायची ट्रेन आधी बघतो. रिप्लेला उलटं करायचं, परतीची शेवटची गाडी आधी बघायची आणि तिथून मागं यायचं.

पावणेआठचा किकऑफ धरा. पंचेचाळीस मिनिटं, पंधराचा हाफ टाइम, परत पंचेचाळीस, वर इंज्युरी टाइम. म्हणजे साधी मॅच ९:४० च्या आसपास संपते. बरोबरी राहिली आणि एक्स्ट्रा टाइम असला तर सव्वादहा, त्यावर पेनल्टी झाल्या तर साडेदहा. एक्स्ट्रा टाइम आहे का नव्वद मिनिटांनंतर थेट पेनल्टी, हा नियम मधेमधे बदलत असतो, तेव्हा सामन्याची जी घोषणा क्लब टाकतो त्यात वाचून घ्या आणि आकडा वाईटातला वाईटच धरा. त्यात ग्राउंड ते स्टेशन चालायचा वेळ मिळवा, मॅपवर दाखवतो त्यापेक्षा पाच मिनिटं जास्त, कारण छोट्या क्लबांची ग्राउंडं बहुतेक वेळा गावाबाहेर असतात, इंडस्ट्रियल इस्टेटच्या मागं, आणि रात्री तिथल्या गल्लीत दिवे नसतात.

आता शेवटची ट्रेन ह्या आकड्याच्या आधी असेल तर ट्रेनचा नाद सोडा. मी नाही सोडला एकदा. परतीची शेवटची ट्रेन २२:११ ची, स्टेशन बावीस मिनिटांवर. नव्वद मिनिटं झाली तेव्हा २-२, थेट पेनल्टी. पहिल्या चार-चार किक झाल्या, ३-३, घड्याळात ९:४८, आणि मला निघायलाच लागलं. गेटमधून बाहेर पडलो, पत्र्याच्या कुंपणाला लागून चालतोय, आतलं काही दिसत नाही, फक्त फ्लडलाइटचा उजेड आणि गप्प झालेली गर्दी. मग आवाज झाला. मी जागीच उभा. मोठा नव्हता, बारीक होता, चाळीसएक माणसांचा. त्यांचे लोक चारशे होते आणि आमचे चाळीस. आवाज बारीक म्हणजे एकतर त्यांनी घालवली नाहीतर आम्ही घातली, काहीही असो, आपलं चाललंय बरं. मग जरा वेळानं परत आवाज, परत बारीक, पण ह्यावेळी थांबेचना. मी त्या अंधाऱ्या गल्लीत एकटाच नाचलो, समोरून कुत्रं घेऊन येणाऱ्या माणसानं रस्ता ओलांडला. ट्रेन मिळाली. पण जिंकलेली पेनल्टी पत्र्याच्या पलीकडून ऐकली, हे अजून सलतं.

त्यातल्या त्यात ट्रेननंच जायचं असेल तर काही गोष्टी. संध्याकाळी लंडनहून सुटणाऱ्या बऱ्याच गाड्यांना ऑफ-पीक (गर्दीची वेळ सोडून चालणारं स्वस्त) तिकीट चालत नाही, आणि तुम्ही नेमके त्याच वेळी निघणार, तेव्हा तिकिटावरचे निर्बंध नीट वाचा. तीन ते नऊ जण एकत्र असाल तर बऱ्याच कंपन्यांच्या ऑफ-पीक तिकिटावर ग्रुपसेव्हनं एक तृतीयांश सूट मिळते. आठवड्यातल्या रात्री रुळांची कामं चालतात, दहानंतरच्या गाड्यांच्या जागी बस लावलेली असू शकते, टाइमटेबल त्या तारखेचंच बघा, मागच्या मंगळवारचं नाही. शेवटची ट्रेन कंपनीनंच रद्द केली तर शक्य असेल तिथं तुम्हाला मुक्कामी पोचवायची किंवा रात्रीची सोय करायची जबाबदारी त्यांच्यावर येते, स्टेशनवरच्या माणसाला तसं स्पष्ट सांगा, पावत्या ठेवा. पण पेनल्टी बघत बसलात आणि गाडी गेली तर ती जबाबदारी तुमची.

गाडीनं जाणाऱ्यांचा घोळ वेगळाच. जाताना पाच वाजताचा ट्रॅफिक असतो हे सगळ्यांना माहीत असतं. येताना रस्ता मोकळा असेल असं सगळे धरून चालतात, आणि मोटरवेची कामं बरोबर रात्री नऊ-दहानंतर सुरू होतात. जंक्शन बंद, पिवळे डायव्हर्जनचे बोर्ड, आणि तुम्ही कुठल्यातरी खेड्यातनं ट्रकच्या मागं तीसच्या स्पीडनं. नॅशनल हायवेजच्या साइटवर रात्रीचे क्लोजर आधीच टाकलेले असतात, निघायच्या आधी दोन मिनिटं बघा. नॅव्हिगेशनला क्लबचं नुसतं नाव टाकू नका, क्लबच्या साइटवरचा पोस्टकोड टाका, कारण काही क्लब ग्राउंड बदलतात आणि मॅप त्यांना जुन्याच जागी दाखवत राहतो.

सोमवार: ड्रॉ, तिकीट, रजा

सोमवारी पुढच्या राउंडचा ड्रॉ निघतो, म्हणजे तुमचा रिप्ले व्हायच्या आधी. ड्रॉमध्ये तुमचं नाव "अमुक किंवा तमुक" असं येतं. ह्यानं रिप्लेची चवच बदलते. शनिवारी नुसतं पुढं जायचं असतं, सोमवारी दुपारनंतर नेमकं काय मिळणार ते कळलेलं असतं. चौथ्या क्वालिफायिंगचा रिप्ले असेल तर विचारूच नका, ३२ विजेते फर्स्ट राउंडला जातात आणि तिथं लीग वन आणि लीग टूचे (तिसऱ्या आणि चौथ्या लेव्हलचे) ४८ क्लब येऊन मिळतात.

पैशाचं पण कळू दे, कारण बारमध्ये ह्यावर फार बोललं जातं. २०२४-२५ मध्ये तिसरा क्वालिफायिंग राउंड जिंकणाऱ्याला ५,६२५ पौंड होते आणि हरणाऱ्याला १,८७५. मोठ्या क्लबला ही रक्कम म्हणजे चणे-फुटाणे, आमच्याकडं त्यात ड्रेसिंग रूमचं गळकं छप्पर दुरुस्त होतं. मोठ्या राउंडांत रिप्ले होते तेव्हाचं गणित तर फारच वेगळं होतं, २००६ च्या जानेवारीत बर्टन अल्बियननं मँचेस्टर युनायटेडला घरी ०-० रोखलं आणि ओल्ड ट्रॅफर्डच्या रिप्लेला बर्टनचे ११,००० च्या आसपास लोक गेले. ५-० हरले. पण गेटचा (तिकीटविक्रीचा) वाटा मिळाला, आणि त्या अकरा हजारांतला प्रत्येक जण आजही ती गोष्ट सांगत असणार. ते दार आता बंद झालंय. छोट्या क्लबांचे लोक रिप्ले गेल्यावर चिडले ते उगाच नाही.

तिकिटाचं काम सोपं. ह्या लेव्हलला बहुतेक ठिकाणी गेटवरच मिळतं, मोठ्या माणसाला १० ते १५ पौंडांच्या घरात. तुमचं सीझन तिकीट कपला चालत नाही, अवेला तर नाहीच, हे आधीच लक्षात घ्या. फक्त समोरचा क्लब जरा मोठा असेल किंवा दोघांचं जुनं वैर असेल तर मॅच ऑल-टिकेट (आधी तिकीट घेतलेल्यांनाच आत सोडायचं) करतात आणि अवे फॅनना वेगळा कोपरा देतात, तसं असेल तर सोमवारीच ऑनलाइन घेऊन टाका. खिशात थोडी कॅश ठेवा, टर्नस्टाइलवरच्या कार्ड मशीनला तिथं कधी सिग्नल मिळतो कधी नाही.

रजेबद्दल काय सांगू. मंगळवारी दुपारी तीनला निघायला लागणार, बुधवारी सकाळी डोळे लाल. मी पहिले दोन-तीन वेळा डेंटिस्ट सांगितला, मग मॅनेजरनं एकदा विचारलं की तुझे दात नेहमी एफए कपच्या आठवड्यातच कसे दुखतात. आता सरळ अर्धी रजा टाकतो. खरं सांगून मिळते, भावांनो. इथं कप रिप्ले हे कारण लोकांना पटतं.

मंगळवार सकाळ: आभाळाकडं बघा

पाऊस असेल तर घाई करू नका. ह्या क्लबांची ग्राउंडं गवताची असतात, खाली निचऱ्याची सोय बेताचीच, दोन दिवस सलग पाऊस झाला की गोलपोस्टसमोर तळं. मग पिच इन्स्पेक्शन होतं, लोकल रेफ्री येऊन बॉल टाकून बघतो, उसळला तर मॅच, पचकन बसला तर पुढं ढकलली. हे कधी दुपारी बाराला होतं, कधी चारला परत एकदा. दोन्ही क्लबांचे एक्स अकाउंट बघत राहा, आणि समोरच्या क्लबचं जास्त, कारण पहिली बातमी तेच टाकतात. आर्टिफिशियल पिच असेल तर ही कटकट निम्मी कमी.

आमच्यातले दोघं एकदा इन्स्पेक्शनच्या आधीच निघाले आणि नव्वद मैल गेल्यावर मॅच रद्द झाल्याचं कळलं. त्यांनी तिथंच चिप्स खाल्ले, गेटसमोर फोटो काढला आणि परत आले. गुरुवारी परत गेले.

काय घालायचं, काय न्यायचं

ऑक्टोबरची रात्र, उघडं टेरेस. थर्मल, कानटोपी, दोन मोजे. थंडी वरून कमी आणि खालून जास्त येते, काँक्रीटमधून बुटाच्या तळव्यातून चढते आणि हाफ टाइमपर्यंत बोटं आहेत का नाहीत कळत नाही. ह्याच्यावरचा उपाय मला आमच्यातल्या एका सत्तरीच्या गृहस्थांनी शिकवला. ते येताना पुठ्ठ्याच्या खोक्याचा एक तुकडा दुमडून काखेत घेऊन येतात, जागा ठरली की खाली टाकून त्यावर उभे राहतात. मला हसू आलं होतं. त्यांनी काही न बोलता अर्धा फाडून माझ्याकडं सरकवला. तेव्हापासून ऑनलाइन पार्सल आलं की माझा एक पुठ्ठा बाजूला निघतो. (तिथं सगळे त्यांना पहिल्या नावानं हाक मारतात, माझ्या तोंडून काही ते निघत नाही, मी आपलं काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेतो.)

खायचं म्हणाल तर टी बारवर बर्गर, पाय (आत सारण भरून भाजलेली पेस्ट्री), चिप्स, बोव्हरिल. बोव्हरिल हे बीफचं आहे हे माहीत नसलेल्यांनी लक्षात ठेवा, कपात गरम चहासारखं दिसतं आणि थंडीत हात आपोआप जातो. शाकाहारी माणसाला चीज-चिप्स हा एकच कायमचा आधार. अपवाद फॉरेस्ट ग्रीन रोव्हर्सचा, त्यांच्या ग्राउंडवर २०१५ पासून सगळं खाणंच व्हीगन आहे, तिथं ड्रॉ निघाला तर आमच्यातल्या शाकाहारींनी पेढे वाटावेत. बाकी ठिकाणी मी डब्यातून थालीपीठ नेतो, छोट्या क्लबला बॅगेत खाणं असलं तर कुणी काही म्हणत नाही, फक्त काचेची बाटली नको. शेंगदाण्याची चटणी नेली तर वाटावी लागते, मागच्या वेळी पूर्ण डबा टेरेसवर संपला आणि मला स्वतःला बोट लावायला मिळालं.

ग्राउंडवर

तासभर आधी पोचा. प्रोग्रॅम लगेच घ्या, रिप्लेचा प्रोग्रॅम करायला क्लबला दोनच दिवस मिळतात त्यामुळं तो पातळ असतो आणि थोडेच छापतात, कधी कधी तर फोनवरच असतो. रॅफलचं तिकीट घ्या, ते पैसे क्लबलाच जातात.

उभं कुठं राहायचं ही एक गंमत आहे. ह्या लेव्हलला बहुतेक वेळा फॅन वेगळे ठेवत नाहीत, कुणीही कुठंही. रीत अशी की आपली टीम ज्या गोलवर हल्ला करते त्या गोलमागं उभं राहायचं आणि हाफ टाइमला टीम बाजू बदलतात तसं आपणही झेंडे सोडून, गुंडाळून दुसऱ्या टोकाला जायचं. म्हणून टॉस होईपर्यंत बॅनर बांधू नका. कॅप्टननं बाजू बदलून मागितली की नवखे लोक केबल टाय कापत बसतात आणि तेवढ्यात पहिला गोल होतो. जाताना समोरून त्यांचे लोक येत असतात, दोन्ही लोंढे टी बारपाशी एकमेकांना छेदतात, चार टोमणे होतात, दोन हातमिळवण्या होतात. कोल्हापूरच्या मॅचला ही कल्पना सांगितली तर पोलीस बंदोबस्तवाले चक्कर येऊन पडतील.

बिअर प्लॅस्टिकच्या ग्लासात घेऊन मैदानाच्या कडेला उभं राहता येतं, हे प्रीमियर लीग बघणाऱ्यांना खरं वाटत नाही. वरच्या पाच लेव्हलच्या क्लबांच्या मॅचला १९८५ च्या कायद्यानं मैदान दिसेल अशा जागी दारू प्यायला बंदी आहे, आणि तिथं जाणाऱ्या कोचमध्ये नेणंही गुन्हा आहे. तुमच्या कोचचा नियम काय ते ड्रायव्हरला विचारा आणि तो म्हणेल ते ऐका, परत न्यायचं त्याच्याच हातात असतं. फ्लेअर (धुराची नळकांडी) वगैरे काही नेऊ नका. ढोल न्यायचा असेल तर आधी यजमान क्लबला विचारा, आजूबाजूला घरं असतात.

एक गोष्ट उघड लिहितो. अवेला अनोळखी गावात आपण बऱ्याचदा टेरेसवरचे एकटेच ब्राउन असतो. नऊ वर्षांत दोनदा वाईट ऐकलंय, बाकी शेकडो वेळा फक्त हवामानावर गप्पा. झालंच तर लगेच स्टुअर्डला (ग्राउंडवरच्या बंदोबस्तवाल्याला) सांगा, वेळ आणि जागा फोनमध्ये लिहून ठेवा, क्लबला आणि किक इट आउटला (फुटबॉलमधल्या वर्णद्वेषाविरुद्ध काम करणारी संस्था) कळवा. दुसऱ्यांदा मी गप्प बसणार होतो, पण पुठ्ठेवाले गृहस्थच स्टुअर्डला हाताला धरून घेऊन आले.

पेनल्टी आणि परत

पेनल्टीला कुठला गोल ते टॉसवर ठरतं. टॉस झाला रे झाला की सगळे पळतात, वीस वर्षांची पोरं, काठीवाले, बाळाला खांद्यावर घेतलेले बाप, हातातली चिप्स सांडत. जाळीच्या अगदी मागं उभं राहिलं तर कीपरचा श्वास ऐकू येतो. तिथं फोन काढू नका, मी काढला होता, माझ्याकडं आता एक हललेला व्हिडिओ आहे ज्यात फक्त समोरच्याची टोपी दिसते.

कोल्हापूरच्या ग्रुपवर मी स्कोअर टाकत असतो. इथं पावणेआठ म्हणजे तिथं रात्रीचे सव्वाबारा, तरी दोन-तीन जण जागे असतात आणि विचारतात, "तुझी ती कुठली रं टीम, काय केलं?" त्यांना क्लबचं नाव अजून नीट येत नाही.

मॅच संपल्यावर कोच कुठं आणि किती वाजता उभा राहणार ते जातानाच विचारून ठेवलेलं असू द्या, सहसा शिट्टीनंतर वीस-तीस मिनिटं थांबतात. जिंकला असाल तर खेळाडू जाळीपाशी येतात, थांबा. हरला असाल तरी येतात, तेव्हा पण थांबा. सकाळी सहाला कामाच्या साइटवर हजर व्हायचं असतं त्यातल्या काहींना.

घरी पोचायला एक-दीड वाजतो. ओल्या बुटात पेपर कोंबून रेडिएटरजवळ ठेवा, वर ठेवलेत तर चामडं तडकतं. शनिवारी लीगची मॅच आहे, ती पण अवेच.